पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी गोष्टीची पुस्तके कशी निवडावीत आणि कशी वाचून दाखवावीत

सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी पुस्तके घ्यायला गेले की प्राणी, शाळा आणि मैत्री या तीन विषयांची पुस्तके सर्वांत आधी समोर येतात. त्यांची मुखपृष्ठे बहुधा सारखीच गोजिरवाणी असल्यामुळे पालक आणि शिक्षक चित्र पाहून आणि किंमत पाहून निर्णय घेतात. माझा पहिला सल्ला असा की पुस्तक विकत घेण्यापूर्वी त्याची मधली दोन पाने तेथेच उभे राहून मोठ्याने वाचावीत. पहिले पान वाचू नये, कारण त्या पानावर लेखकाने आणि संपादकाने पुरेशी मेहनत घेतलेली असतेच. भाषा ढिली पडते ती मध्यावर. जेथे आपली स्वतःची जीभ अडखळते, तेथे सात वर्षांचे मूल हमखास थांबणार आहे, असे समजावे.

वाचताना काय ऐकायचे, हे थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला जोडून लिहिली जातात, त्यामुळे साधा वाटणारा शब्दसुद्धा पाहता पाहता लांबतो. ‘मित्रमैत्रिणींबरोबर’ या एकाच शब्दात नऊ अक्षरे असून त्यांत दोन जोडाक्षरे आहेत, आणि एकेक अक्षर लावून वाचणारे पहिलीतले मूल ‘बरोबर’पर्यंत पोहोचते तेव्हा सुरुवातीचा ‘मित्र’ त्याच्या हातून निसटलेला असतो. ‘चिंगी मित्रमैत्रिणींबरोबर नदीकाठच्या आमराईत गेली’ या वाक्याऐवजी ‘चिंगी निघाली. तिच्यामागे सगळे निघाले. सगळे आमराईत गेले.’ असे लिहिणारा लेखक मुलाला ओळखतो. अर्थात हा नियम मूल स्वतः वाचणार असेल तेव्हाच लावावा; आपण वाचून दाखवणार असू, तर लांब शब्द आणि लांब वाक्ये चालतात, किंबहुना असावीतच, कारण मुलाचे कान त्याच्या डोळ्यांच्या दोन-तीन वर्षे पुढे असतात.

अक्षरांचे वळणही तपासावे. अनेक भाषांत एकाच वेळी निघणाऱ्या पुस्तकांत पुष्कळदा हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ छापलेले असतात. पाठ्यपुस्तकातला पाकळीचा ‘ल’ नुकताच ओळखू लागलेले मूल उभ्या दांड्याचा ‘ल’ पाहून बिचकते आणि आपल्यालाच वाचता येत नाही, अशी त्याची समजूत होते. ‘चमचा’ आणि ‘चिमणी’ यांतले च हे एकच अक्षर दोन प्रकारे उच्चारले जाते. घरी मराठी बोलणारे मूल ते नकळत सांभाळते, परंतु घरी गोंडी, भिली किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलाला ते पुस्तकातून कळण्याचा मार्गच नाही. त्याच्यासाठी प्रत्येक पुस्तक आधी आपण वाचून दाखवावे आणि मगच त्याच्या हातात द्यावे.

कानाला जे हवे असते, त्याचा उत्तम नमुना आपल्या घरात पूर्वीपासून आहे. पावसात शेणाचे घर वाहून गेलेला काऊ मेणाच्या घरात राहणाऱ्या चिऊच्या दाराशी येतो, ‘चिऊताई, चिऊताई, दार उघड’ म्हणतो, आणि चिऊ ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे’ असे एकामागून एक निमित्त काढत राहते. तिसऱ्या वेळेला ऐकणारे मूल ‘दार उघड’ स्वतःच म्हणू लागते. पुढचे वाक्य आधीच ठाऊक असण्याचा हा आनंदच त्याला छापील ओळीकडे ओढून नेतो, म्हणून पहिलीसाठी निवडलेल्या निम्म्या पुस्तकांत तरी अशी परतून येणारी ओळ असावी.

आता प्राण्यांविषयी. प्राण्यांच्या गोष्टी ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारात ससा दप्तर अडकवून शाळेत जातो, म्हणजे तो सशाच्या वेषातला मुलगाच असतो. दुसऱ्या प्रकारात ससा ससाच राहतो. दोन्ही प्रकार चांगले आहेत, मात्र आपण काय लिहीत आहोत हे लेखकाने ठरवलेले असले पाहिजे. अर्धे पुस्तक झाल्यावर दप्तरवाला ससा अचानक खऱ्या ससाण्याला घाबरून बिळात शिरला, तर मुले गोंधळतात. दुसऱ्या प्रकारच्या पुस्तकांत माहितीची पारख करावी. परदेशी गोष्टींतले अस्वल हिवाळाभर झोपते, परंतु मेळघाटातले किंवा ताडोबातले आपले अस्वल हिवाळी झोप घेत नाही. ते वाळवी, मध आणि मोहाची फुले खात वर्षभर हिंडते. इंग्रजी गोष्टीतला ‘फॉक्स’ भाषांतरात कोल्हा होतो, वास्तविक आपला कोल्हा हा वेगळा प्राणी असून त्या लहानखुऱ्या, झुपकेदार शेपटीच्या प्राण्याला मराठीत खोकड म्हणतात. गोष्टीची मजा यामुळे बिघडत नाही, हे मान्य आहे, तरी चित्रात खोकड आणि शब्दांत कोल्हा असेल, तर खेड्यातले मूल ते बोलून दाखवते.

भाषांतराची परीक्षा घेण्याचा माझा सोपा मार्ग म्हणजे पिलांची नावे पाहणे. गाईचे वासरू, म्हशीचे रेडकू, शेळीचे करडू, मेंढीचे कोकरू, घोडीचे शिंगरू आणि हरिणीचे पाडस ही नावे मराठीत असताना ज्या पुस्तकात सरसकट ‘पिल्लू’ आढळते, त्या पुस्तकाचा अनुवाद घाईने झालेला असतो. हे शहाणपण मला एका दुसरीतल्या मुलाने दिले. हरवलेल्या शेळीच्या पिलाची गोष्ट मी मोठ्या रंगात येऊन वाचत होते. दोन पाने त्याने कशीबशी सहन केली आणि तिसऱ्या पानावर हात वर करून, ‘बाई, ते करडू आहे. पिल्लू कुत्रीचं असतं,’ असे सांगितले. त्याच्या घरी शेळ्या होत्या. उरलेल्या गोष्टीत मी प्रत्येक ठिकाणी करडू असेच वाचले आणि नंतर त्या पुस्तकात पेन्सिलीने दुरुस्त्याही केल्या.

प्राणी आणि मैत्री हे दोन्ही विषय एकत्र हवे असतील, तर पंचतंत्राइतका जुना आणि अजूनही ताजा साठा दुसरा नाही. त्याच्या पाच तंत्रांपैकी पहिले मित्रभेदाचे, म्हणजे मैत्री तुटण्याचे आहे आणि दुसरे मित्रलाभाचे. लहान मुलांसाठी सुरुवात दुसऱ्यापासून करावी. त्यात लघुपतनक कावळा, हिरण्यक उंदीर, मंथरक कासव आणि चित्रांग हरीण असे चौघे मित्र आहेत. पारधी कासवाला बांधून नेऊ लागतो, तेव्हा हरीण तळ्याकाठी मेल्याचे सोंग घेऊन पडते आणि कावळा त्याच्या डोळ्यांशी चोच मारल्यासारखे करतो. पारधी लोभाने कासव खाली ठेवून हरणाकडे धावतो, तेवढ्यात उंदीर दोऱ्या कुरतडतो, कासव पाण्यात सरकते आणि हरीण उठून पळते. यात प्रत्येकाने आपल्याला जे जमते तेवढेच केले आहे, आणि हे मुलांना कोणी सांगावे लागत नाही. असे असताना बहुतेक आवृत्त्यांत शेवटी चौकट टाकून ‘तात्पर्य’ छापलेले असते. मी त्या चौकटीवर कागदाची पट्टी चिकटवते. हे काहींना अतिरेकी वाटेल, पण तात्पर्य वाचून संपले की मुले पुस्तक मिटतात, आणि ते वाचले नाही तर ‘कावळा खरंच डोळा फोडणार होता का?’ यावर वाद घालतात. मित्रभेदातल्या पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांच्या मैत्रीचा शेवट बैलाच्या मृत्यूने होतो. दमनक कोल्ह्याने त्या दोघांचे कान भरणे नीट कळण्यासाठी मूल तिसरीत आलेले बरे.

शाळेच्या गोष्टींत ती शाळा कोणाची आहे, हे पाहावे. जूनमधला पाऊस, परिपाठ, हजेरी, खिचडीची रांग, एकाच खोलीत बसणारे दोन वर्ग या गोष्टी ज्या मुलाच्या रोजच्या आहेत, त्याला निदान काही पुस्तकांत त्या भेटल्या पाहिजेत. सप्टेंबरात सुरू होणाऱ्या, बर्फाळ अंगणाच्या शाळेची पुस्तकेही जरूर ठेवावीत, फक्त ती शाळा कोठे आहे ते वाचण्यापूर्वी नकाशावर दाखवावे. ऊसतोडीला आईवडिलांबरोबर जाणाऱ्या मुलांच्या गावात दिवाळीच्या सुमारास वर्गातल्या जागा रिकाम्या होतात आणि उन्हाळ्यात पुन्हा भरतात. दूर गेलेल्या मित्राची गोष्ट त्या वर्गात वेगळ्याच शांततेने ऐकली जाते. अशी पुस्तके कमी आहेत. एखादे सापडले, तर त्याच्या दोन प्रती घ्याव्यात.

मैत्रीच्या पुस्तकांत भांडण खरे असावे. कट्टी का झाली हे मुलाच्या दृष्टीने पटण्याजोगे असले पाहिजे, आणि बट्टी एखाद्या मोठ्या माणसाच्या उपदेशाने झालेली नसावी. शहाण्या मुलाने वाईट मुलाला सुधारल्याच्या गोष्टी मी टाळते, कारण वर्गातली मुले लगेच बोट दाखवून ते वाईट मूल ‘कोण’ ते ठरवून टाकतात.

पुस्तके मिळवण्यासाठी फार खर्च करावा लागत नाही. नॅशनल बुक ट्रस्टची चित्रपुस्तके आजही परवडणारी आहेत. ‘बालभारती’चे ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघत असून त्याचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. ते प्रामुख्याने मोठ्या मुलांसाठी असले, तरी त्यांतल्या प्राण्यांच्या गोष्टी वाचून दाखवायला उपयोगी पडतात. प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेने २०१५मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी पुस्तके मोफत उतरवून घेता येतात आणि छापताही येतात. तेथे पुस्तकांच्या चार पातळ्या केलेल्या असून पहिल्या पातळीत सुमारे २५० शब्दांपर्यंतची, दुसऱ्या पातळीत ६०० शब्दांपर्यंतची आणि तिसऱ्या पातळीत १५०० शब्दांपर्यंतची पुस्तके येतात. पातळीवर विसंबून मात्र राहू नये. तेथे अनुवाद पुष्कळ आहेत आणि त्यांचा दर्जा कमीजास्त आहे, म्हणून मोठ्याने वाचण्याची आणि पिलांच्या नावांची परीक्षा तेथेही घ्यावी.

वाचून दाखवण्याची पद्धत फारशी अवघड नाही. पुस्तक आधी एकदा स्वतः वाचलेले असावे, मुलांना अर्धवर्तुळात बसवावे, पुस्तक छातीपाशी बाहेर तोंड करून धरावे आणि बोट ओळीखालून हळू सरकवत वाचावे. पंधरा मिनिटे पुरेशी होतात. पात्रांचे बोलणे वऱ्हाडीत, अहिराणीत किंवा मालवणीत, म्हणजे मुलांच्या घरच्या बोलीत म्हटले तरी चालते; निवेदन मात्र छापल्याप्रमाणे वाचावे, म्हणजे दोन भाषांमधला फरक त्यांच्या कानावर पडतो. पान उलटण्यापूर्वी क्षणभर थांबावे. गोष्ट संपल्यावर प्रश्नोत्तरे घेऊ नयेत. फार तर एवढेच विचारावे की चित्रात असे काय दिसते जे शब्दांत लिहिलेले नाही. पारध्याच्या गोष्टीच्या एका पुस्तकात तळ्याकाठच्या गवतात एक बेडूक लपलेला आहे, तो मला चार वेळा वाचूनही दिसला नव्हता. पहिलीतल्या एका मुलीने तो बोट ठेवून दाखवला. मूल तेच पुस्तक पुन्हा मागते, तेव्हा नवे देण्याचा आग्रह धरू नये.

पुस्तके कपाटात कुलूपबंद न ठेवता मुलांच्या हाताला येतील अशा पेटीत, मुखपृष्ठे समोर दिसतील अशी उभी ठेवावीत. कोकणात पावसाळ्यात पुस्तकाच्या पिना गंजतात आणि मधली पाने सुटतात, म्हणून मेमध्येच पिना काढून जाड दोऱ्याने टाके घालावेत. पेटीजवळ एक वही ठेवावी आणि तिच्यात ‘पुस्तक आवडले का?’ असा रकाना आखू नये, कारण त्यात सगळे ‘हो’ असेच लिहितात. त्याऐवजी ‘हे पुस्तक आता कोणाला द्यायचे?’ असे विचारावे. ज्याच्याशी कालपर्यंत कट्टी होती त्याचे नाव त्या रकान्यात पुष्कळदा दिसते.