एचआयव्हीसह जगताना: स्थलांतराच्या हंगामातही गोळी न चुकवण्यासाठी

पावसाळा सरला की खानदेशातील, विशेषतः सातपुड्याच्या पायथ्याची, पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा सुरतेकडे कामाला जातात आणि उन्हाळा संपता संपता परततात. एचआयव्हीचे औषध मात्र आयुष्यभर रोज घ्यावे लागते. त्यात खंड पडण्याची मोठी भीती याच काळात असते, म्हणून घरातील कोणी हे औषध घेत असेल तर निघण्याची तयारी औषधापासून सुरू करावी.

त्यासाठी हा आजार शरीरात कसा वाढतो हे आधी समजून घ्यावे. एचआयव्ही हा विषाणू रक्तातील सीडी४ नावाच्या संरक्षक पेशींमध्ये शिरून आपली संख्या वाढवतो आणि त्या पेशी नष्ट करत जातो. निरोगी प्रौढाच्या एक घनमिलिमीटर रक्तात या पेशी साधारणपणे ५०० ते १५०० असतात. लागण झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत काहींना ताप, घसादुखी किंवा पुरळ येते व ते आपोआप जाते. त्यानंतर कित्येक वर्षे माणूस धडधाकट दिसतो, शेतात राबतो, आणि आत मात्र पेशींची संख्या घटत राहते. उपचार न घेतल्यास साधारण आठ-दहा वर्षांत ती २०० च्या खाली जाते किंवा एरवी न होणारे गंभीर संसर्ग होऊ लागतात. या अवस्थेला एड्स म्हणतात. दिसण्यावरून लागण ओळखता येत नाही, ती रक्ततपासणीतूनच कळते.

ही तपासणी जिल्हा रुग्णालयात आणि ग्रामीण रुग्णालयातील आयसीटीसी (समुपदेशन व तपासणी) केंद्रात मोफत होते, आणि तिच्या आधी व नंतर समुपदेशक बोलतात. लागणीनंतर लगेच केलेली तपासणी निर्दोष येऊ शकते; त्यामुळे शंका असल्यास तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी. असुरक्षित संबंध किंवा सुई टोचणे अशी घटना नुकतीच घडली असेल तर ७२ तासांच्या आत, आणि जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर, सरकारी रुग्णालय गाठावे, कारण त्या मुदतीत सुरू केलेले २८ दिवसांचे औषध लागण टाळू शकते. एका ताटात जेवल्याने, एका हंड्यातले पाणी प्यायल्याने किंवा डास चावल्याने हा आजार पसरत नाही.

लागण निश्चित झाली की सीडी४ कितीही असो, उपचार लगेच सुरू करण्याचे धोरण देशात २०१७ पासून आहे. जळगाव, धुळे व नंदुरबार येथील एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) केंद्रांत औषध मोफत मिळते. बहुतेक प्रौढांना टेनोफोविर, लॅमिव्हुडिन व डोलुटेग्राविर एकत्र असलेली एकच गोळी दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी घ्यायची असते. ती चुकली तर आठवताच घ्यावी. मात्र पुढच्या गोळीला चार तासांहून कमी वेळ उरला असेल तर चुकलेली सोडून द्यावी आणि दोन गोळ्या एकदम कधीही घेऊ नयेत. ॲसिडिटीचे अँटासिड घ्यायचे असेल तर ही गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावी. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, रोज येणारा ताप किंवा वजन घटणे दिसल्यास क्षयरोगाची तपासणी विनाविलंब करावी, आणि क्षयरोगाचे औषध देणाऱ्या डॉक्टरांना आपण एआरटी घेतो हे सांगावेच, कारण रिफॅम्पिसिन या क्षयरोगाच्या औषधाबरोबर डोलुटेग्राविरची मात्रा वाढवावी लागते.

आता हंगामाची तयारी. टोळी निघण्याच्या पंधरवडाभर आधी केंद्रात जाऊन किती महिने बाहेर राहणार आणि कोणत्या जिल्ह्यात राहणार हे स्पष्ट सांगावे. प्रकृती स्थिर असलेल्यांना काही महिन्यांचे औषध एकदम देता येते. मुक्काम लांबणार असल्यास त्या भागातील एआरटी केंद्राकडे नाव हस्तांतरित करून घेता येते. उपचाराची पुस्तिका जवळ ठेवावी, तिचा फोटो मोबाइलमध्ये काढावा, आणि गोळ्या उन्हात तापणाऱ्या झोपडीत सावलीच्या, कोरड्या जागी ठेवाव्यात. बरे वाटते म्हणून औषध थांबवणे हा सर्वांत धोक्याचा निर्णय आहे: विषाणू पुन्हा वाढतो, औषधाला दाद न देणारा होऊ शकतो, आणि हिपॅटायटिस बी असलेल्यांचे यकृत अचानक बिघडू शकते. कोणी जडीबुटीने आजार मुळापासून बरा करतो म्हणाला तरी गोळी सोडू नये. विषाणू पूर्ण काढून टाकणारे औषध अद्याप हाती नाही.

व्हायरल लोडची, म्हणजे रक्तातील विषाणूच्या प्रमाणाची, तपासणी वेळेवर करून घ्यावी. रक्तात विषाणू मोजता न येण्याइतका कमी राहिला तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला लागत नाही, आणि नवरा-बायकोंच्या मनावरचे मोठे ओझे यामुळे उतरते असे मला वाटते. गर्भवती बाईने पहिल्याच भेटीत तपासणी करून घ्यावी, कारण आईला वेळेवर एआरटी आणि बाळाला सुरुवातीचे औषध मिळाले तर बाळाला लागण होण्याचा धोका पाच टक्क्यांच्याही खाली येतो. बाळाची पहिली तपासणी सहाव्या आठवड्यात होते.

मुकादमाला किंवा मालकाला आजार सांगण्याचे बंधन नाही. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क देतो आणि या कारणावरून कामावरून काढण्यास मनाई करतो. परमुलखात औषध संपत आले किंवा जवळचे केंद्र सापडेना, तर १०९७ या निःशुल्क क्रमांकावर फोन करून विचारावे.