वाक्यसंग्रह ॲप आपल्या प्रवासापुरते कसे घडवावे

प्रवाशांसाठीच्या वाक्यसंग्रह ॲपमध्ये पूर्वी छापील पुस्तिकेतलाच ऐवज पडद्यावर येत असे आणि ‘वाइनची यादी दाखवा’ हे वाक्य ‘यात मासे आहेत का’ याच्या कितीतरी आधी भेटत असे. आता अशा अनेक ॲपमध्ये स्वतःची वाक्ये भरणे, त्यांचे गट करणे, क्रम बदलणे, उच्चाराची ओळ हव्या त्या लिपीत लिहिणे आणि आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवणे या सोयी आल्या आहेत. पुण्याहून जपानला निघालेले शाकाहारी कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून त्या कशा वापराव्यात, हे येथे पाहू.

सुरुवात भर घालण्याने नव्हे, तर गाळण्याने करावी. नको असलेली तयार वाक्ये लपवून पन्नासच्या आतच संग्रह ठेवावा. त्यापेक्षा मोठ्या यादीत उपाहारगृहाच्या दारात उभे राहून वाक्य सापडत नाही. गट विषयांनुसार न करता प्रसंगांनुसार करावेत: ताटासमोर, स्थानकावर, औषधाच्या दुकानात. सर्वांत वर ११९ (रुग्णवाहिका व अग्निशमन) आणि ११० (पोलीस) हे जपानमधील क्रमांक आणि घरातील ज्येष्ठांच्या औषधांची नावे असावीत.

खरे कष्ट ताटासमोरच्या गटावर घ्यावेत. ‘मी शाकाहारी आहे’ एवढ्याने तेथे भागत नाही, कारण भाज्यांच्या रश्शातही बहुधा ‘दाशी’ हा अर्क असतो आणि तो पुष्कळदा सुकवलेल्या माशापासून काढलेला असतो. म्हणून ‘कोरे नि साकाना नो दाशि वा हाइत्ते इमास का’, म्हणजे ‘यात माशाची दाशी आहे का’, असा थेट प्रश्न भरावा. प्रश्न नेहमी ‘हाय’ (हो) किंवा ‘इइए’ (नाही) एवढ्यात उत्तर मिळेल असाच रचावा. ‘यात काय काय घातले आहे’ असे विचारल्यास जे सविस्तर उत्तर मिळेल, ते आपल्याला कळणार नाही. कानावर पडणाऱ्या उत्तरांचाही एक छोटा गट करावा. त्यात ‘चोत्तो...’ अवश्य असावे, कारण असे अर्धवट सोडलेले वाक्य बहुतेक वेळा सौम्य नकार असतो.

कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी: ‘निकु’ म्हणजे मांस आणि ‘निन्निकु’ म्हणजे लसूण. घाईत पहिले अक्षर गिळले, तर लसणाच्या चौकशीची मांसाची चौकशी होते. अशा वाक्याखाली मूळ जपानी अक्षरे मोठ्या ठशात ठेवून पडदाच समोर धरणे उत्तम.

उच्चाराची ओळ रोमनऐवजी देवनागरीत लिहिणे हा मला या सोयींतला सर्वांत मोठा लाभ वाटतो. ‘चुना’मधला आणि ‘चहा’मधला असे दोन्ही ‘च’ मराठी जिभेवर आधीपासूनच आहेत. ‘कोरे ओ फुताचु कुदासाइ’, म्हणजे ‘हे दोन द्या’, यातला ‘च’ चुन्याचा. ‘ओचा’ या चहाच्या शब्दातला अर्थातच चहाचा. पहिल्याखाली टिंब दिले की वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही. लांबलेल्या स्वरासाठी अवग्रह वापरावा, कारण ‘ओबासान’ म्हणजे मावशी किंवा काकू आणि ‘ओबाऽसान’ म्हणजे आजी. दुकानदारीणबाईंना उगाच आजी करण्यात कोणाचेच हित नाही. वाक्याच्या शेवटचा ‘देसु’ बोलताना ‘देस’ असाच ऐकू येतो, म्हणून तो तसाच लिहावा.

यंत्राने केलेले भाषांतर तपासल्याशिवाय जतन करू नये. पुण्यात जपानी शिकणारे पुष्कळ आहेत. फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले कोणी ना कोणी ओळखीत निघतेच. त्यांना दहा-बारा महत्त्वाची वाक्ये दाखवावीत आणि शक्य असल्यास त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून घ्यावीत.

भाषेची ऑफलाइन फाइल घरच्या वायफायवर उतरवून घ्यावी आणि संग्रहाची एक प्रत कुटुंबातील दुसऱ्या फोनवरही ठेवावी. निघण्याच्या आदल्या दिवशी फोन विमान मोडवर टाकून घरातल्या सर्वांत वयस्क व्यक्तीच्या हाती द्यावा आणि माशाचे वाक्य शोधायला सांगावे. चष्मा लावूनही ते चटकन सापडले नाही, तर अक्षरे मोठी करावीत आणि ते वाक्य आणखी वर सरकवावे.