केमिस्ट्रीत पदवी घ्यायचीय? कोल्हापूरच्या मुलामुलींनी आधी हे बघावं

बीएस्सी, बी.फार्म आणि बी.टेक. केमिकल या तीन मोठ्या वाटा. त्यातल्या किती खुल्या राहणार, हे अकरावीचे विषय निवडतानाच ठरतं. गणित सोडून पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) घेतलं की केमिकल इंजिनिअरिंग गेलं. बी.फार्म मात्र पीसीएम (जीवशास्त्राऐवजी गणित) आणि पीसीबी दोन्हींवर मिळतं. जीवशास्त्र आवडत असलं तरी झेपत असेल तर गणित ठेवाच. बीएस्सीनंतर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला जायचं झालं, तरी बारावीचं गणित मागतात.

शिवाजी विद्यापीठाच्या तंत्रज्ञान अधिविभागात बी.टेक. केमिकल आहे. त्यासाठी एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा पीसीएम गट द्यावा लागतो: गणित 100 गुण, भौतिक आणि रसायन मिळून 100. गणिताचा प्रत्येक प्रश्न 2 गुणांचा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका. मात्र या पदवीत प्रयोगशाळेतलं ब्यूरेट-पिपेट कमी, आणि पंप, हीट एक्स्चेंजर, डिस्टिलेशन कॉलम अशा कारखान्यातल्या यंत्रांची गणितं जास्त. प्रयोगशाळेच्या ओढीनं आलेली मुलं इथेच फसतात.

ती ओढ असेल तर बीएस्सी. राजाराम, विवेकानंद अशा कॉलेजांत प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो. विवेकानंद स्वायत्त आहे, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांच्या स्वतःच्या. फॉर्म भरण्याआधी लॅब बघून या. एका बॅचला किती मुलं, टायट्रेशन प्रत्येकजण स्वतः करतो की चौघांत एक ब्यूरेट, हे विचारा. तीन वर्षांत पदवी मिळते. चौथं वर्ष करून ऑनर्स घेतलं तर एमएस्सी एका वर्षात होऊ शकते.

बायोटेक्नॉलॉजीसारख्या 'एंटायर' (सगळी पदवी एकाच विषयाची) बीएस्सीचं नाव भारदस्त वाटतं, पण पुढे ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एमएस्सी करायची असेल तर अडचण येते. तिथे पदवीला केमिस्ट्री हा मुख्य विषय असावा लागतो. म्हणून आधी एमएस्सीची पात्रता वाचा, मग पदवी निवडा.

नोकरीचं म्हणाल तर साखर कारखान्यांच्या लॅबमध्ये ब्रिक्स, पोल, प्युरिटी (म्हणजे रसात साखर किती आणि रस किती शुद्ध) काढणारे केमिस्ट लागतात. पण काम शिफ्टचं आणि जोर गळीत हंगामापुरता, हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत धातू आणि वाळूची तपासणी चालते. मेडिकल दुकान काढायचं असेल तर बीएस्सी कामाची नाही. तिथे फार्मसीची पात्रता असलेलाच माणूस लागतो.

सीईटीवरच्या प्रवेशात कागदपत्रांमुळे जागा जातात. नॉन-क्रिमिलेअर दाखल्याची मुदत प्रवेशाच्या वर्षापुढच्या 31 मार्चपर्यंतची हवी. जातवैधता प्रमाणपत्र वेळेत दिलं नाही तर अर्ज खुल्या गटात जातो. वैधतेची फाईल निकालाची वाट न बघता बारावी सुरू असतानाच टाका.