चर्चगेटचं गेट कुठे आहे? परदेशी विद्यार्थ्यांना मुंबई दाखवताना

मी गिरगावात राहते. तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्त झाल्यावर एका कॉलेजात सहा महिन्यांसाठी येणाऱ्या परदेशी मुलांना शहर दाखवायचं काम गळ्यात पडलं. पहिल्या वर्षी मी उत्साहाच्या भरात एका दिवसात अकरा ठिकाणं दाखवली. संध्याकाळी 'काय आवडलं?' म्हणून विचारलं तर एक जर्मन मुलगी प्रामाणिकपणे म्हणाली, "बसचा एसी." तेव्हापासून बस बंद, यादी बंद. तुमच्या घरी किंवा कॉलेजात अशी पाहुणी मुलं येणार असतील, तर माझी पद्धत सांगते.

मुंबईत नावं उरली आहेत आणि वस्तू गेल्या आहेत. सगळा इतिहास त्या मधल्या जागेत आहे. मुलांना वास्तू दाखवत बसू नका, हरवलेली वस्तू शोधायला लावा. मी सुरुवात चर्चगेट स्टेशनबाहेर करते आणि विचारते, "यातलं चर्च कुठे, गेट कुठे?" मग चालायला लागायचं.

आधी ओव्हल मैदान. मधल्या पायवाटेवर मुलांना उभं करा. पूर्वेला राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट, दगडी, टोकदार, एकोणिसाव्या शतकातलं. पश्चिमेला गोलसर बाल्कन्यांच्या आर्ट डेको इमारती, समुद्रात भर घालून मिळवलेल्या जमिनीवर १९३०च्या आसपास उभ्या राहिलेल्या. दोन्ही मिळून २०१८ साली जागतिक वारसा यादीत गेल्या. एवढंच सांगायचं आणि क्रिकेट बघायला दहा मिनिटं द्यायची. एकाच मैदानात पाच-सहा मॅच एकमेकींत घुसून चालतात आणि कुणाचा चेंडू कुणाचा ते खेळणाऱ्यांना बरोब्बर कळतं. यावर मुलं जितके प्रश्न विचारतात तितके गॉथिक कमानींवर विचारत नाहीत.

तिथून हुतात्मा चौक. गेट सापडतं ते इथे, म्हणजे नसलेलं सापडतं. इंग्रजांच्या किल्ल्याला तटबंदी होती. तिचा चर्चकडे जाणारा दरवाजा याच जागी होता. १८६०च्या दशकात तट पाडला आणि १८६४ साली फ्लोरा फाउंटन उभं राहिलं. ते चर्च, म्हणजे १७१८ सालचं सेंट थॉमस, चालत पाच मिनिटांवर आहे. किल्ला गेला, तरी आपण अजून 'फोर्टात जाऊन येते' म्हणतो.

या चौकात घाई करू नका. कारंज्यावर फुलांची रोमन देवता आणि तिच्या शेजारी मशाल धरलेले कामगार आणि शेतकरी. मुलं विचारतातच, की हे दोघं इथे काय करतायत? मग संयुक्त महाराष्ट्राची गोष्ट सांगायची. भाषावार राज्यं होत होती आणि मुंबई महाराष्ट्राला द्यायची की नाही यावर वाद पेटला होता. २१ नोव्हेंबर १९५५ला इथे मोर्च्यावर गोळीबार झाला. सगळ्या आंदोलनात शंभराहून जास्त माणसं गेली. १ मे १९६०ला महाराष्ट्र झाला आणि मुंबई त्याची राजधानी. हे मी पुस्तकातल्यासारखं सांगायचे तेव्हा मुलं मान डोलवायची, बस्स. आता वडिलांचं सांगते. ते तेव्हा वीस वर्षांचे होते. त्या धावपळीत चपला गमावून ते गिरगावपर्यंत अनवाणी आले आणि आजी गोळीबारापेक्षा चपलांवरूनच जास्त बोलली, नव्या होत्या म्हणून. एका कोरियन मुलाने विचारलं, "त्या चपलांची किंमत किती होती?" मला माहीत नव्हतं. पण त्या तुकडीतल्या प्रत्येकाला ती तारीख पाठ झाली. तुमच्याही घरात अशी एखादी गोष्ट असेल, ती आधी शोधून ठेवा.

पहिला दिवस फोर्टातल्या एशियाटिक सोसायटीच्या, म्हणजे जुन्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर संपवायचा. पाय दुखत असतात, सावली असते, इथे गोष्ट नीट ऐकली जाते. १६६१ सालच्या करारानुसार पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात ही बेटं इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली आणि १६६८ साली त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. सात बेटांची नावं खडूने पायरीवर लिहायची: कुलाबा, छोटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. (खडू पुसून मगच उठायचं, वॉचमन ओरडतो.) एकदा तुकडीत इंग्रज मुलगा आणि पोर्तुगीज मुलगी दोघं होते. ती त्याला म्हणाली, "परत द्या." मी म्हटलं, बाळांनो, इथे आधीपासून कोळी राहत होते, त्यांना कुणी विचारलं होतं?

दुसरा दिवस हत्तीचा. घारापुरी बेटाला पोर्तुगीजांनी 'एलिफंटा' म्हटलं ते तिथल्या दगडी हत्तीमुळे. पण तो हत्ती आता घारापुरीत नाही. इंग्लंडला न्यायला उचलताना तो पडून फुटला. मग सांधून भायखळ्याच्या राणीच्या बागेत आणला. आज तो भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ उभा आहे. आधी तो दाखवा आणि बेटावर नंतर कधीतरी न्या. म्हणजे लाँचमधून उतरल्यावर मुलं आपणहून विचारतात की हत्ती कुठे उभा होता, आणि मग लेण्यातल्या सुमारे वीस फुटी त्रिमूर्तीसमोर गप्पही होतात. बुधवारी संग्रहालय बंद आणि सोमवारी लेणी बंद. मी दोन्ही चुका केल्या आहेत. बेटावर माकडं हातातलं खाणं ओढून नेतात. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रात जायचा हट्ट नको.

भायखळ्याला जाताना लोकलनेच जा, सीएसएमटीहून. १६ एप्रिल १८५३ला पहिली गाडी इथल्याच बोरीबंदरहून ठाण्याला गेली, हे स्टेशनाबाहेर सांगायचं. आत ऐकू येत नाही. सकाळी अकरानंतर आणि चारच्या आत प्रवास उरकायचा. इंडिकेटरवरचं 'धी' म्हणजे धीमी आणि 'ज' म्हणजे जलद, एवढं आदल्या दिवशी शिकवायचं. मराठी आकडेही शिकवायचे, कारण बेस्टच्या बसवर ते असतात. आपल्याला न विचारता पहिल्यांदा बसचा नंबर वाचला, की पोरांच्या चेहऱ्यावर जे येतं ते कुठल्याही संग्रहालयात येत नाही.

भायखळ्याहून पुढे लालबाग-परळ. याला गिरणगाव म्हणतात, पण गिरण्या जवळजवळ नाहीत. इथे नावाबरोबर काही चिमण्या उरल्यात, धूर नसलेल्या. १८ जानेवारी १९८२ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे. मुलांना तिथे कॉफी पिऊ द्यावी, मी नाही म्हणत नाही. फक्त जाताना चाळीवरून न्यायचं. चाळीत शिरायचं नाही, कुणी बोलावलं तरच. लोकांचं घर म्हणजे प्रदर्शन नाही, हे मुलांना आधीच बजावते. गिरगावात खोताच्या वाडीतही हेच, फोटो काढण्याआधी विचारायचं.

जेवण माझ्या घरी. वरणभात, तूप, बटाट्याची भाजी, थालीपीठ. तिखट वेगळं वाढायचं. हाताने जेवा असा आग्रह करत नाही. चमचा ठेवते आणि दुसऱ्या घासाला तो आपोआप बाजूला पडतो.

शेवटच्या दिवशी मी काही दाखवत नाही. मुलांनी मला एक नाव शोधून दाखवायचं. गेल्या वर्षी एका केनियन मुलाने मला फणसवाडीत नेलं, म्हणजे माझ्या घरापासून दहा मिनिटांवर, आणि विचारलं, "फणस कुठे आहे?" जन्म गेला त्या रस्त्याने जाण्यात, मी कधी वर पाहिलं नव्हतं. मग आम्ही दोघं माना वर करून गल्लीभर फिरलो. शेवटी कोपऱ्यावरच्या फुलवाल्याला विचारलं. तो हार ओवता ओवता म्हणाला, "फणस? आत्ता कुठला ताई, सीझन गेला."