ताडोबाची सफारी: वाघाची वाट न अडवता

ताडोबातला वाघ मोहर्ली, कोलारा, नवेगाव या गेटांजवळच्या अनेक घरांची चूल पेटवतो. गाईड, जिप्सीचालक, होमस्टेवाले बहुतेक आसपासच्या गावांतलेच. नुकसान मात्र वेगळ्यांच्या वाट्याला येतं. मार्च-एप्रिलमध्ये भल्या पहाटे खाली वाकून मोहफुलं वेचणाऱ्या बाईला वाघाचा धोका सर्वांत जास्त असतो, आणि तिच्या घरात पर्यटनाचा रुपया येतोच असं नाही. हे अंतर आपल्या सहलीपुरतं तरी थोडं कमी करता येतं.

आधी गेट ठरवा, मग मुक्काम. मोहर्ली दक्षिणेला, नवेगाव उत्तरेला. मोहर्लीत खोली घेऊन नवेगावची सकाळची फेरी काढली, तर पहाटेचा सगळा वेळ रस्त्यातच जातो आणि गेट उघडायची वेळ हुकते. बुकिंग वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. बुकिंग करताना ज्या ओळखपत्राची माहिती भरली, तेच मूळ स्वरूपात सोबत ठेवा. एका जिप्सीत सहाच पर्यटक बसतात. कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, मंगळवारी बंद असतो, तसाच पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर.

दोन फेऱ्या करणार असाल तर एक बफरमध्ये, म्हणजे कोअरभोवतीच्या पट्ट्यात करा. आगरझरी, देवाडा, जुनोना इथेही वाघ, अस्वल, रानकुत्रे दिसतात. बफरच्या उत्पन्नातला वाटा गावच्या परिस्थितिकीय विकास समितीकडे (गावकऱ्यांच्याच समितीकडे) जातो, त्यामुळे वाघाशेजारी राहणाऱ्यांना त्याचं काही मोल मिळतं. मुक्कामालाही गावातला होमस्टे बघा. जेवणाचे, दुधाचे, भाजीचे पैसे गावातच राहतात.

कपडे मातकट रंगाचे घाला, अत्तर लावू नका. माणशी दोन लिटर पाणी आणि धुळीसाठी मोठा रुमाल घ्या. कोअरमध्ये मोबाईल नेता येत नाही. हा नियम फार चांगला आहे, कारण वाघ दिसल्याची बातमी फोनवरून फुटली की दहा मिनिटांत सगळ्या गाड्या एकाच पाणवठ्यावर जमतात.

खरी कसोटी लागते ती वाघ दिसल्यावर. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या कोअरमधलं पर्यटन काही महिने थांबवलं होतं. त्यानंतर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचे नियम आले: प्राण्यापासून किमान 20 मीटर दूर, आणि एका ठिकाणी 15 मिनिटांहून जास्त रेंगाळायचं नाही. तरीही 31 डिसेंबर 2024 ला नागपूरजवळच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-2 नावाची वाघीण आणि तिचे बछडे जिप्सींच्या दोन रांगांमध्ये अडकले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली.

हे असं घडतं कसं, ते समजून घ्या. वाघीण रस्त्याच्या कडेला येऊन थांबते, पिल्लं मागे बांबूत असतात. पुढची गाडी चांगल्या फोटोसाठी चार हात पुढे सरकते, मागची ती जागा भरते, आणि ओलांडायला फट उरत नाही. तिचे कान मागे पडले, शेपटीचं टोक झटके देऊ लागलं, किंवा ती मागे वळून पुन्हा आली, की समजा वाट बंद झाली आहे. लगेच चालकाला हळू आवाजात सांगा, ‘भाऊ, गाडी मागे घ्या, तिला जाऊ द्या.’ चालक बहुतेक वेळा ऐकतो. पर्यटक रागावतील या धास्तीनेच तो तिथे थांबलेला असतो.

बक्षिसीचंही तसंच. ‘वाघ दाखवला तर पाचशे’ असं आधी बोललं, की गाडी पळते, धूळ उडते, आणि चितळाचा कॉल (वाघाची चाहूल लागल्यावरची हाक) आला की तिकडे झुंबड होते. फेरी संपल्यावर, वाघ दिसो न दिसो, गाईड आणि चालक दोघांच्याही हातात पैसे द्या. निघण्यापूर्वीच गाईडला सांगून ठेवा की आम्हाला पक्षी, झाडं, पाऊलखुणा सगळंच बघायचं आहे. मग तो ताडोबा तलावाच्या काठावर गाडी शांत उभी करतो, पाण्यात तरंगणारं मगरीचं नाक दाखवतो, आणि सांबराची हाक कोणत्या दिशेने आली ते ओळखायला शिकवतो.