पहिले चार दिवस शहर बघू नका : एकट्याने लांब परदेशी निघताना या चुका टाळा

दिवाळी आटोपली की आमच्या बडोद्यातल्या, दांडिया बाजारातल्या घरी दोन-तीन जण तरी वही घेऊन येतात. कुणी नोकरी सोडून सहा महिने फिरायला निघालेलं असतं, कुणाला एम. एस. युनिव्हर्सिटीतून बाहेर पडल्यावर थोडं जग बघायचं असतं. मी चार महिने एकटी आग्नेय आशियात फिरले, नंतर युरोपातही राहून आले, म्हणून विचारायला येतात. वहीच्या पहिल्या पानावर बहुतेक वेळा एकच मजकूर असतो : पहिल्या दिवशी ही देवळं, दुसऱ्या दिवशी तो किल्ला, तिसऱ्या दिवशी बेटं. त्या पानावर मी सरळ काट मारते.

सात दिवसांच्या टूरला तसं चालतं, कारण तिथे तुमची काळजी करायला टूर मॅनेजर असतो. सयाजीराव महाराज 1887 मध्ये पहिल्यांदा युरोपला गेले तेव्हा बरोबर लवाजमा होता. आपण एकटे निघतो तेव्हा खजिनदार, कारभारी, आचारी आणि वैद्य हे सगळे आपणच असतो. या चौघांनाही नव्या जागी रुळायला तीन-चार दिवस लागतात. ते दिवस दिले नाहीत, तर पुढच्या महिन्याभरात दुपटीने द्यावे लागतात.

तारखेचा घोळ

सगळ्यात महागडी चूक घरबसल्या होते. बडोद्याहून परदेशी जायचं म्हणजे अहमदाबाद नाहीतर मुंबई गाठायची, आणि तिथली बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. माझ्या मावसभावाच्या तिकिटावर 15 तारीख होती, वेळ 00.40. तो 15 तारखेला रात्रीचं जेवण करून, सगळ्यांच्या पाया पडून निघाला. एक्स्प्रेसवेवरून गाडी वेळेत पोचली, पण विमान आदल्या रात्रीच गेलेलं होतं. तिकीट हातात आलं की कॅलेंडरवर '15' लिहूच नका, '14 ची रात्र' असं लिहा आणि घरातल्या आणखी एकाला वाचून दाखवा.

हीच गफलत खोलीच्या बुकिंगमध्ये होते. तुम्ही 15 ला पहाटे सहाला उतरता आणि खोली 15 पासून घेता. ती मिळते दुपारी दोनला. रात्रभर न झोपलेल्या माणसाने आठ तास सामान घेऊन बसायचं, आणि या आठ तासांतच माणूस वाटेल ते निर्णय घेतो. एक रात्र जास्तीची घ्या, म्हणजे 14 पासून, आणि 'मी पहाटे येणार आहे' असं त्यांना आधी कळवून ठेवा. कळवलं नाही तर आदल्या रात्री आला नाहीत म्हणून बुकिंगच रद्द होऊ शकतं.

व्हिसाच्या कागदावरही तारखा नीट वाचा. व्हिएतनामचा ई-व्हिसा 12 तारखेपासून असेल आणि विमान 11 ला रात्री पावणेबाराला पोचत असेल, तर काउंटरवरच थांबवतात. शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाच्या, स्टिकरवर दोन वेगळ्या गोष्टी छापलेल्या असतात : कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत आत जाता-येता येईल, आणि त्यात प्रत्यक्ष किती दिवस राहता येईल. पहिला आकडा मोठा असतो, म्हणून लोक त्यावर विसंबतात. मोजायचा असतो दुसरा. जास्तीत जास्त मर्यादा कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवस, आणि पोचण्याचा व निघण्याचा दिवस दोन्ही त्यात धरले जातात.

नावाचं आपल्या घरांत हमखास होतं. पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, तिकीट काढताना आपण ते गाळतो. व्हिसाच्या अर्जात तरी पासपोर्टवर जसं आहे तसंच, मधल्या नावासकट उतरवा. तिकिटावर नाव चुकलं असेल तर विमान कंपनीला आठवडाभर आधी फोन करून दुरुस्त करून घ्या, विमानतळावर ते काम होत नाही.

पैसे : दमलेल्या डोळ्यांनी नोटा मोजू नका

हानोईच्या विमानतळावर मी एटीएमसमोर उभी होते. रात्रभरची जागलेली, मागे रांग. कार्ड घातलं, पिन दिला आणि मशिनने व्यवहार नाकारला. पुन्हा केलं, पुन्हा नाकारला. पोटात गोळा आला. कार्ड बिघडलेलं नव्हतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मार्च 2020 पासून नवीन कार्डं फक्त देशातल्या वापरासाठी चालू करून देतात, परदेशातला वापर आपण ॲपमध्ये जाऊन सुरू करायचा असतो. तो मी ऑनलाइन खरेदीसाठी सुरू केला होता, एटीएमसाठी नाही. ही दोन बटणं वेगळी असतात. विमानतळाच्या वायफायवर ॲप उघडलं, बटण दाबलं, पाच मिनिटांत पैसे निघाले. अशी वेळ आली तर तिसऱ्यांदा पिन दाबू नका. बाजूला व्हा, पाणी प्या, आधी ॲप बघा. तरीही जमलं नाही तर दुसऱ्या बँकेचं मशीन बघा, शक्यतो शाखेला लागून असलेलं आणि दिवसा, म्हणजे कार्ड आत अडकलं तर आत जाऊन मागता येतं.

त्यानंतर स्क्रीनवर एक गोड प्रश्न येतो : आम्ही तुमच्या रुपयांत हिशेब करून देऊ का? समोर रुपयांचा आकडा दिसतो, ओळखीचा वाटतो, हात आपोआप 'हो' कडे जातो. 'नाही' म्हणा. रुपयांत करून देताना मशिनवाले स्वतःचा दर लावतात आणि तो जवळपास नेहमी महाग पडतो. तिथल्या चलनातच व्यवहार करा. दुकानात कार्ड घासतानाही हेच.

आता नोटा. व्हिएतनामची 20 हजार डाँगची नोट निळी असते आणि 5 लाखांचीही निळसर. दोन्ही प्लॅस्टिकच्या, गुळगुळीत, दोन्हींवर हो ची मिन्ह यांचा चेहरा. पहिल्या दुपारी फळं घेतली आणि 20 हजारांऐवजी 5 लाखांची नोट पुढे केली. फळवाल्या मावशींनी ती माझ्याच मुठीत परत कोंबली आणि बोटाने शून्यं मोजून दाखवली. माझं नशीब चांगलं होतं. त्या रात्री मी खोलीत पलंगावर सगळ्या नोटा मांडल्या, एकेकीकडे बघत प्रत्येकीचे रुपये मोठ्याने म्हटले, आणि मोठ्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात टाकल्या. नव्या देशात पोचल्यावर ही दहा मिनिटं मी आता न चुकता देते. तोपर्यंत मोठी खरेदी नाही.

कार्डं किमान दोन, दोन वेगळ्या बँकांची, आणि एका पाकिटात कधीच नाही. शंभर-दोनशे डॉलर रोख असू द्या. भारतातून एका प्रवासाला 3000 डॉलरपर्यंत परकीय नोटा नेता येतात, पण एवढ्यांची गरज नसते. दुमडलेली, पेनाने लिहिलेली किंवा कोपरा फाटलेली डॉलरची नोट आग्नेय आशियात बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत, म्हणून इथेच कोऱ्या नोटा मागून घ्या. 'यूपीआय आहे ना' या भरवशावर निघू नका. सिंगापूर, नेपाळ, दुबई अशा काही ठिकाणी ते काही दुकानांत चालतं, सगळीकडे नाही.

सिम काढून टाकू नका

विमानतळावर नवं सिम घेतलं, दुकानातला पोरगा पटकन जुनं काढतो, इवलंसं सिम कागदात गुंडाळून हातात देतो आणि ते कुठेतरी जातं. मग लक्षात येतं की बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो, आणि काही बँकांचं ॲप त्या सिमशिवाय उघडतही नाही. फोनमध्ये ई-सिमची सोय असेल तर परदेशी डेटा ई-सिमवर घ्या आणि आपलं भारतीय सिम जागेवरच राहू द्या. त्याचं रोमिंग निघण्याआधी बडोद्यातच सुरू करा, डेटा रोमिंग मात्र बंद ठेवा. येणारे मेसेज घ्यायला सहसा पैसे पडत नाहीत. प्रीपेड असेल तर परत येईपर्यंतची वैधता भरून जा. दुसऱ्या महिन्यात रिचार्ज संपला की ओटीपीही थांबतात.

नवं सिम टाकल्यावर व्हॉट्सॲप विचारतं, नंबर बदलायचा का? नाही म्हणा, जुन्याच नंबरवर सगळं चालू राहतं. टॅक्सीचं ॲपही इथूनच नोंदवून न्या, कारण त्याची नोंदणीही ओटीपीनेच होते. व्हिएतनाममध्ये आणि आजूबाजूच्या काही देशांत ग्रॅब चालतं. विमानतळाच्या दारात 'मॅडम टॅक्सी, मॅडम टॅक्सी' म्हणत मागे लागणाऱ्यांपेक्षा ते कितीतरी बरं, फक्त बसण्याआधी गाडीचा नंबर जुळवा. खोलीचा पत्ता तिथल्या लिपीत फोनमध्ये आणि कागदावरही लिहिलेला असू द्या. फोनची बॅटरी संपली की कागदच कामाला येतो, आणि इमिग्रेशनलाही पत्ता विचारतात.

खाऊचा डबा

आई डबा भरते, नाही म्हणवत नाही. पण दोन गोष्टी पक्क्या सांगा. अनारशांवरची खसखस सिंगापूरला आणि संयुक्त अरब अमिरातीत बंदी असलेल्या पदार्थांत धरतात, तिथे फक्त विमान बदलायचं असलं तरी जोखीम घेऊ नका. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तेलामुळे ज्वलनशील मानतात, त्या सामानातून काढायला लावतात. युरोपीय संघात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, म्हणजे पेढे आणि श्रीखंड वडी घरीच. हिरवा चिवडा आणि सुका मेवा मी नेहमी नेते. सर्दी-खोकल्याची कोडीन किंवा सुडोएफेड्रिन असलेली औषधं जपानला आणि आखाती देशांत अडचणीची ठरतात. डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासकट जवळ ठेवा.

शाकाहारी माणसाने पहिल्या दिवसांत उपाशी राहायचं कारण नाही. व्हिएतनाममध्ये शाकाहारी जेवणाला 'चाय' म्हणतात. पाटीवर 'कॉम चाय' दिसलं की भात, टोफू, भाज्या असं ताट मिळतं. नुसतं 'मांस नको' म्हटलं तर माशांचा सॉस राहतोच, 'चाय' म्हटल्यावर तो टळतो.

झोप, आणि स्कूटर

युरोपला साडेतीन-साडेचार तासांचा फरक, पण थकवा त्याहून जास्त वाटतो, कारण आधीची रात्र विमानात गेलेली असते. पोचल्यावर दुपारी चार तास ताणून दिली की रात्री दोनला डोळे टक्क उघडे. वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी घ्या, मग उजेडात चाला, आणि तिथल्या रात्री नऊपर्यंत कसंही करून जागे राहा. पूर्वेकडे गेलात तर सकाळचं ऊन अंगावर घ्या.

स्कूटरबद्दल मी कडक बोलते, कुणाला वाईट वाटलं तरी चालेल. रावपुऱ्याच्या गर्दीत गाडी चालवणाऱ्याला हानोईची गर्दी ओळखीची वाटते, आणि दुसऱ्याच दिवशी तो भाड्याची गाडी घेतो. तिथे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात आणि वळताना सवयीने आपली मान चुकीकडे वळते. त्याहून मोठं कारण कागदाचं आहे. आपल्याकडे आरटीओ देतं तो आंतरराष्ट्रीय परवाना रस्ते-वाहतुकीच्या 1949 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार असतो, व्हिएतनाम 1968 च्या करारातला मानतं. म्हणजे तो परवाना तिथे ग्राह्य नाही, आणि परवाना ग्राह्य नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. बस आहे, रेल्वे आहे, पाय आहेत. आणि विम्याचा मदत क्रमांक फोनमध्ये साठवा. बऱ्याच पॉलिसींत दवाखान्यात भरती होण्याआधी त्यांना कळवावं लागतं.

तिसरा दिवस आणि घरचा फोन

तिसऱ्या दिवशी बहुतेकांना रडू येतं. मलाही आलं. कामं संपलेली असतात, नवेपणा उतरलेला असतो आणि बोलायला कुणी नसतं. याच दिवशी लोक परतीचं तिकीट बघू लागतात किंवा घाईघाईने पुढच्या गावाला पळतात. दोन्ही करू नका. एकाच टपरीवर, एकाच वेळी, रोज जा. मी 'कॉम चाय'च्या एका लहान दुकानात जात होते. तिसऱ्या दुपारी ताट वाढणाऱ्या बाईंनी मी काही म्हणायच्या आधीच टोफूचा तुकडा ठेवला आणि मिरचीच्या वाटीकडे हनुवटीने खूण केली. त्या शहरात मला ओळखणारं एक माणूस झालं होतं. संध्याकाळी पहिल्यांदाच होआन कीम तळ्याला सावकाश फेरी मारली आणि घरचा सुरसागर तलाव आठवूनही घसा दाटला नाही.

घरच्यांना 'रोज रात्री नऊला फोन करीन' असा शब्द देऊ नका. मी दिला होता. पाचव्या दिवशी रात्रीच्या बसमध्ये नेट गेलं, आणि इकडे आईने पहाटे दोनपर्यंत तीन नातेवाइकांना उठवलं. सकाळी मी फोन केला तर तिला बोलताच येईना. तेव्हा आम्ही नवा नियम ठरवला. रोज कधीही एक मेसेज : कुठे आहे आणि उद्या कुठे. चोवीस तास काहीच आलं नाही तर आधी राहत्या जागेला फोन, तिथेही कळलं नाही तर त्या देशातल्या भारतीय दूतावासाला. दोन्ही नंबर मी दर मुक्कामाला कळवायचे आणि आईने ते तिच्या अक्षरात लिहून घ्यायचे. तो कागद अजून आमच्या फ्रिजवर आहे, हानोईचा नंबर खोडून त्याखाली दुसरा, मग तिसरा, असा चार महिन्यांचा.