इलेक्ट्रिक टूथब्रशची बॅटरी बदलताय? आधी रबरी रिंग आणा

पहिली रबरी रिंग. तळाच्या झाकणाला बसलेली काळी, शेवईएवढी बारीक ओ-रिंग. गेल्या वेळी बॅटरी, सोल्डर, फ्लक्स सगळं होतं, हीच नव्हती. जुनी रिंग चेपून चपटी झालेली असते. तीच परत घातली की पाणी आत शिरतं आणि नव्या बॅटरीच्या टोकांवर हिरवा गंज चढतो. बेअरिंग आणि ऑइल सील विकणाऱ्या दुकानात मिळते. आतला व्यास आणि जाडी दोन्ही मोजून न्या, दोन घ्या.

मुळात उघडायची गरज आहे का ते बघा. बाथरूमचा सॉकेट गीझरच्या स्विचवर असेल तर गीझर बंद केला की चार्जरही बंद, आणि बोल लागतो बॅटरीला. अमेरिकेहून कुणी आणून दिलेला ब्रश असेल तर चार्जर उलटा करून वाचा: १००–२४० व्होल्ट असेल तर ठीक, नुसतं ११०–१३० असेल तर आपल्या २३०च्या प्लगला लावायचा नाही. महिनोन्महिने पडून राहिलेल्या ब्रशचा दिवा लगेच लागत नाही, अर्धा तास तरी थांबा. मोटर घुर्रर्र करून अडकत असेल तर आधी वरच्या दांड्याभोवती वाळून दगड झालेली पेस्ट कोमट पाण्याने काढा. वॉरंटी असेल तर हात लावू नका. उघडलात की ती गेली.

आता बॅटरी. इथे घाई महागात पडते. जुनीवर १.२ व्होल्ट छापलं असेल तर ती निकेलची, ३.६ किंवा ३.७ असेल तर लिथियमची. एकीच्या जागी दुसरी चालत नाही, कारण आतलं चार्जिंग सर्किट एकाच जातीसाठी बनवलेलं असतं. घोळ असा की पेन्सिल सेलच्या (AA) मापाचा निकेल सेल आणि लिथियमचा ‘१४५००’ मापाचा सेल दोन्ही साधारण १४ मिमी जाड, ५० मिमी लांब. शेजारी ठेवले तर जुळे भाऊ. छापलेलं वाचा, दुकानदाराच्या ‘चालेल हो’वर जाऊ नका. काही ब्रशमध्ये ४२ किंवा ४९ मिमीची असते, तेव्हा व्हर्नियर कॅलिपरने मोजा. मिलिमीटरभर लांब पडली तरी झाकण पूर्ण बसत नाही, झाकण बसलं नाही की रिंग दाबली जात नाही, आणि परत तेच. दोन्ही टोकांना धातूच्या पट्ट्या वेल्ड केलेलीच बॅटरी मागा, सोल्डर त्या पट्ट्यांवर करायचं. लिथियम सेलवर थेट गरम सोल्डरिंग आयर्न टेकवलं तर तो आतून बिघडतो, फुटूही शकतो.

पसरायला पांढरी ताटली घ्या, वर्तमानपत्र नको. काळी रिंग छापील अक्षरांत हरवते.

झाकण फिरवून काढलं की आतला सांगाडा (मोटर, बॅटरी, सर्किट बसवलेला) लगेच ओढू नका. बऱ्याच ब्रशमध्ये चार्जिंगच्या कॉइलचे दोन पाय सर्किटला सोल्डर केलेले असतात. आधी ते सोल्डर विकने (वितळलेलं सोल्डर शोषणारी तांब्याची विणलेली पट्टी) सोडवा, मगच दांडा टेबलावर टेकवून सांगाडा खाली सरकवा. कॉइलची तार केसाएवढी असते, तुटली की जोडणं नशिबावर. अधिक-उणे दिसेल असा फोटो काढून ठेवा. सोल्डरिंगला २५ वॉट पुरे. बॅटरीचं एका वेळी एकच टोक सोडवा.

बंद करण्याआधी रिंग. खाच कोरड्या कापडाने पुसा, एक केस अडकला तरी गळती. रिंगवर सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात फिरवा. व्हॅसलीन नको, काही रबर त्याने फुगतं. झाकण लावून कोमट पाण्यात मिनिटभर बुडवा. बुडबुडे आले तर लगेच बाहेर काढा, कारण गार होताना तो पाणी आत ओढतो. उघडा, वाळवा, रिंग पुन्हा बसवा.

पहिलं चार्जिंग जागेपणी, गरम होतोय का हात लावून बघत. जुन्या सेलच्या टोकांना टेप लावून ई-कचऱ्यात. ब्रशचं डोकं तीन महिन्यांनी बदला, हे माहीत असेलच. उरलेली रिंग पाकिटात घालून चार्जरच्या तळाला चिकटवून ठेवा.